मुली : एक

माझं अक्षर चांगलं आहे, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं दुर्दैव. चांगलं शिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही, पण चांगल्या अक्षराच्या बाईला शाळेत घटकाभर उसंत मिळत नाही. फळ्यावर सुविचार लिहा बाई, पाहुण्यांचं स्वागत लिहा बाई, माहिती भरा बाई. 'माहिती' हा आमच्या खात्यातला लाडका शब्द. वरून कागद यायचा, 'माहिती तात्काळ सादर करावी', की वर्गातली पोरं वाऱ्यावर सोडून कुणीतरी रकाने भरत बसायचं. आमच्या शाळेत ती कुणीतरी म्हणजे मी.

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. चितेगावच्या पुढं गेलं की पैठण रस्ता सोडून दोन मैल आत. चितेगावात तेव्हा कारखाने उभे राहत होते, त्यामुळे सकाळची बस कामगारांनी भरलेली असायची. फाट्यावर मी एकटी उतरायचे आणि शेतांमधून चालत जायचे. राहायला शहरात, पुंडलिकनगरात, एका खोलीत. नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कामासाठी म्हणून नाशिकला गेला आणि तिकडे दुसरं बिऱ्हाड करून राहिला. भांडण नाही, तंटा नाही, एक पत्रसुद्धा नाही. सकाळी मी लावलेलं कुलूप संध्याकाळी मीच काढायचे. शेजारी चांगले होते, पण चांगल्या शेजाऱ्यांकडेही रोज काय म्हणून जाणार? मला एकटं वाटायचं, फार वाटायचं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी जरा फाडफाड बोलायचे. शाळेत माझ्या तोंडाला सगळे वचकून असत.

शाळेत आम्ही सात जण. हेडमास्तर आणि पाच गुरुजी दुपारी लिंबाखाली पंगत मांडून बसत. मी सहावीच्या वर्गात पोरींबरोबर डबा खायचे. शाळेच्या वार्षिक माहितीत 'शिक्षक, स्त्री' असा रकाना असे, त्यात मी दरवर्षी एक लिहायचे. "या रांगेत माझा पहिला नंबर कुणी हिसकावत नाही," असा विनोदही करायचे. गुरुजी लोक हसायचे.

त्या वर्षी नवा तक्ता आला. तोपर्यंत मुलांची माहिती पाच-सहा मोठ्या गटांत द्यावी लागे. आता प्रत्येक जात वेगळी, त्यात मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, आणि प्रत्येक विषयात किती बसले, किती पास झाले, शेकडा किती. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी समजावून सांगितलं, "कोणत्या समाजाची लेकरं कुठं मागं पडतात ते कळलं, तर आपल्याला काही करता येईल." मला ते पटलं. खरं सांगायचं तर आजही पटतं. आमच्याच गावात वेशीबाहेरच्या वस्तीतल्या पोरी चौथीनंतर शाळेतून गळत होत्या, आणि आकडे मांडून बघेपर्यंत आम्हा सात जणांपैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मोजल्याशिवाय दिसत नाही, हे खरंच आहे.

मोजायची आमची रीत मात्र जुनीच. मास्तरनं हातात रजिस्टर घेऊन जातीचं नाव पुकारायचं, त्या त्या पोरांनी उभं राहायचं, डोकी मोजायची, "बसा" म्हणायचं. पहिलीतला एक पठ्ठ्या प्रत्येक नावाला उभा राहिला. उभं राहायला मजा वाटत होती त्याला. सहावीत मी आमच्या जातीचं नाव घेतलं तर अर्धा वर्ग उठला. मीसुद्धा शेतीवाडीवाल्या घरातली, आमच्या रांगेत नेहमीच गर्दी. मग मी पुकारलं, "धनगर, मुली." खिडकीजवळची एक पोरगी उठली. उठली, आणि मागं वळून बघितलं, अजून कुणी उठलंय का म्हणून. कुणी नव्हतं. मी म्हटलं, "बस." आणि लिहिलं, एक.

गावात धनगरांची चार घरं होती, पण दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणसं बाहेर पडत, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येत. लेकरंही त्यांच्याबरोबर फिरत. ही एकटी मागं राहिली होती, कारण तिच्या आजीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. आजीसाठी राहिली म्हणून शाळेत आली. दुपारी डबा खाताना ती माझ्या शेजारी बसायची. भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून तो आधी खायची आणि मग माझ्या भाजीकडे बघून म्हणायची, "बाई, तुमी लई बेचव खाता." मराठीत हुशार होती. धडा एकदा वाचला की तिचा पाठ. गणितात मात्र रडायची. दोन-तीन वर्षं आई-बापाबरोबर फिरण्यात गेली होती, पाया कच्चा राहिला होता, आणि सहावीत शेकडेवारी आली. सहामाहीत गणितात ती नापास झाली.

पुढं तपासणी यायची होती. हेडमास्तरांच्या डोक्यात आलं की नवा तक्ता मोठा करून व्हरांड्यात लावावा, साहेब खूश होतील. ड्रॉइंगचे चार कागद चिकटवून मी दोन दिवस त्यावर खपले. मुलग्यांना निळी शाई, मुलींना हिरवी, आणि ज्या रांगेत पस्तीसच्या खाली शेकडा, तिथं लाल. देखणा झाला होता तक्ता. शाळेतला म्हातारा शिपाई तो भिंतीवर ठोकताना म्हणाला, "बाई, पुराने रजिस्टरमध्ये बी हाच खाना हाय. कौम, म्हंजे जात." लोखंडी कपाटात पोलीस ॲक्शनच्या आधीचं एक उर्दू रजिस्टर होतं, ते शाळेत फक्त त्यालाच वाचता यायचं. हेडमास्तर हसून म्हणाले, "निजाम गेला, रकाना राहिला."

मला एक शंका आली होती, ती मी बोलून दाखवली हे कबूल करते. धनगर मुलींच्या रांगेत पोर एकच, मग तिचा शेकडा काय काढायचा?

"शितावरून भाताची परीक्षा, बाई," हेडमास्तर म्हणाले. "आणि नाव कुणाचंच लिहिलेलं नाही त्यात. वाईट वाटायचं कारण काय?"

इथं भातच नव्हता, शीतच एकटं होतं. पण नाव नाही, हे मला पुरेसं वाटलं. खरं तर तक्ता फार सुंदर झाला होता आणि तो उतरवणं माझ्या जिवावर आलं होतं.

मधल्या सुट्टीत पोरं तक्त्यापुढं गोळा झाली. पोरांना काय, आपली रांग शोधायची आणि ओरडायचं. "आमचा शेकडा बहात्तर!" "आमचा ऐंशी!" मग कुणीतरी लाल शाई वाचली. "धनगर, मुली, एक. गणित, शेकडा शून्य." सगळी मागं वळून बघायला लागली. नाव नव्हतं, पण गरजच काय होती? दुपारपर्यंत तिला 'शेकडा शून्य' अशी हाक पडली. मी दोघातिघांचे कान पिळले, पण कान पिळून कुठं काय होतं.

शाळा सुटल्यावर ती एकटी तक्त्यापुढं उभी होती. दप्तर पोटाशी धरलेलं. मी जवळ गेले.

"बाई, ही मीच व्हय?"

"नाही गं. ही तुझी नाही, तुमच्या समाजाची माहिती आहे. सरकारला पाहिजे असते."

"पर इथं समाजाची मी एकलीच हाय की."

ती बोटानं रांग वाचत पुढं गेली. लाल शून्याशी थांबली.

"म्हंजे माझ्यामुळं आमचे समदे नापास झाले?"

मी म्हटलं, "तसं नसतं बाळा, हे गणित आहे." काय बोलले मी! जे तिला येत नव्हतं तेच तिच्या तोंडावर मारलं. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आजी दारात ज्वारी पाखडत बसली होती. म्हातारीनं आवाजावरून ओळखलं.

"बाई का? पोरगी गेली बापासंगं. त्यो पीठमीठ न्यायला आलता, त्याच्या मागं लागून गेली. म्या म्हनलं, अगं शाळा? तर म्हनली, मी हाय म्हून आपल्या लोकाचं शून्य येतंय, मी नसले तर येनार नाय."

"आणि तुमच्याजवळ कोण राहतं आता?"

"कोण ऱ्हानार? हाय मी एकली."

मी तिच्याजवळ थोडा वेळ बसले. निघताना तिनं मूठभर ज्वारी माझ्या पदरात घातली, मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून.

महिना उलटला तसे हेडमास्तर म्हणाले, "बाई, त्या पोरीचं नाव कमी करून टाका. सतत गैरहजर. वार्षिकला परत तक्ता द्यायचाय, नाव कमी केलं की रांग जाईल. रांग गेली की शून्य गेलं."

हेडमास्तर दुष्ट नव्हते, निकालाची काळजी करणारे साधे गृहस्थ होते. पण मला आठवलं, हेच तर ती म्हणाली होती. मी नसले तर येणार नाही. शेकडेवारी न येणारी पोर आणि बी.एड. झालेले हेडमास्तर, दोघांनी गणित एकच सोडवलं होतं. नाव एकदा कमी झालं की पुन्हा शाळेत घालायला तिचा बाप येणार नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होतं. कमी करण्याचा शेरा माझ्याच अक्षरात लिहायचा होता. मी म्हटलं, "चार दिवस थांबा, सर." चार दिवसांनी पुन्हा तेच म्हटलं.

असेच एकदा तालुक्याला कागद द्यायला गेले. ऑफिसच्या भिंतीवर बदल्यांच्या अर्जांचा गोषवारा लावला होता. शहराजवळची शाळा मिळावी म्हणून दिवाळीत मीही अर्ज केला होता. अर्जात विधवा, आजारी, अपंग असे रकाने होते, ज्यांना आधी बदली मिळते. त्यात एक होता, परित्यक्ता. नवऱ्यानं टाकल्याचा दाखला मी आमच्या गावाहून आणला होता. आणताना तलाठ्यानं दोनदा मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं. तेवढं मी सोसलं, कारण रोजची चार तासांची ये-जा मला सोसवत नव्हती.

गोषवाऱ्यात नावं नव्हती, फक्त आकडे होते. विधवा, नऊ. आजारी, चौदा. परित्यक्ता, एक.

मी तिथं उभी होते तेव्हा मागच्या टेबलावरचे दोघं कारकून बोलायचे थांबले. मी वळले नाही. सगळ्या तालुक्यात एकच, आणि ती कोण हे त्या खोलीतल्या खुर्चीलाही माहीत असणार. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तसं मला ते कळलं, पण दोन महिने उशिरा. त्या पोरीनं दप्तर पोटाशी का धरलं होतं तेही कळलं. माझ्या हातात पिशवी होती, ती मी अगदी तशीच धरली होती.

त्या आठवड्यात शिपायाला मी विचारलं, धनगर हिवाळ्यात कुठं जातात. तो मूळचा खुलताबादचा, सुट्टीला घरी जायचा. म्हणाला, "वो लडकी का बाप? हमारे घर के पीछूच तो हाय, बाई. एका पाटलाच्या वावरात मेंढरं बसवलीत." शेतात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी धनगरांना बोलावून घेतात आणि बदल्यात धान्य देतात.

रविवारी मी बस धरली. रविवार हा माझा सगळ्यात वाईट वार. कपडे धुऊन झाले की दिवस अंगावर यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा रविवारी मला कुठंतरी जायचं होतं. खुलताबादच्या कोटाबाहेर उतरले आणि विचारत विचारत गेले. काढणी झालेलं वावर, त्यात जाळीच्या कुंपणात मेंढरं, बाजूला बाजेवर बिऱ्हाड. बाप डोईचा पटका सोडून पुन्हा बांधत उठला. "बाई, तुमी? इतक्या लांब?" त्यानं घोंगडं झटकून मला बसायला घातलं. पोरगी एका कोकराला मांडीवर घेऊन पाठमोरी बसली होती, ती वळली नाही.

मी म्हटलं, "हिला परत पाठवा. नाहीतर नाव कमी होईल."

"बाई, आमी अडाणी मानसं," तो म्हणाला. रागावला नव्हता, हे मला जास्त लागलं. "पर मला एक सांगा. ही नापास झाली. झाली असंल, नाय येत तिला. मग तिचं नाव लिव्हायचं ना? नुसतं धनगर लिव्हून शून्य कामून लिव्हता? माझा बाप, चुलता, समदी भावकी काय तुमच्या परीक्षेला बसली व्हती?"

मी घोंगड्याच्या दशा ओढत बसले. शाळेत माझ्या तोंडाला वचकणारे गुरुजी तिथं असते तर त्यांना बघायला मजा आली असती.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, मेंढरं किती आहेत. तो हसला. पोरगी पाठमोरीच म्हणाली, "आमी मोजत नाय, बाई. मोजलं की कमी व्हत्यात."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?"

"वळखतो की. कुंपनात घेताना तोंडं बघतो. कोन नाय आलं ते लगीच कळतं." आणि मग ती वळली, बोट करून दाखवायला लागली. ही कानफाटी, हिला उजव्या डोळ्यानं दिसत नाय, ही भांडकुदळ, हिचं लेकरू परवा कोल्ह्यानं नेलं म्हून ती अशी उभी ऱ्हाती. पन्नास-साठ तरी तिनं एका दमात सांगितली. मी सहावीच्या वर्गाला वर्षभर शिकवत होते, आणि मला पटावरची किती लेकरं अशी सांगता आली असती, असा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. विचारायची छाती झाली नाही.

मी तिच्या बापाला शब्द दिला. पास होवो की नापास होवो, या वेळी तक्त्यात तिचं नाव लिहीन. तो म्हणाला, "मंग यील ती परीक्षेला. नाव लिव्हनार आसाल तर यील."

तेव्हापासून दर रविवारी मी तिथं जायला लागले. मेंढरं ज्या वावरात बसतील तिथं. नाव कमी न करण्याबद्दल हेडमास्तरांशी माझं एकदा कडाक्याचं वाजलं, शेवटी ते म्हणाले, "तुमची जबाबदारी." बरं, माझी. शेकडेवारी शिकवायला शंभर वस्तू पाहिजेत म्हणून आम्ही ज्वारीचे दाणे घेतले. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "शेकडा म्हंजे शंभरातले. मी तर एकच हाय. बाकीचे नव्व्यान्नव कुठून आनले तुमी?" मी म्हटलं, "ते सरकारनं कल्पनेतून आणले." ती मोठ्यानं हसली. मग तिची आई भाकरी करायची, आम्ही तिघी खायचो, आणि ती माझ्या डब्यातल्या भाजीला नावं ठेवायची. परतीच्या बसमध्ये माझ्या अंगाला मेंढरांचा वास यायचा आणि शेजारी बसलेल्या बाया सरकून बसायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी आनंदात होते, हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून.

परीक्षेच्या आठवड्यात बाप तिला आजीकडे सोडून गेला. गणितात तिला एकेचाळीस गुण पडले. काठावर नव्हे, चांगली सहा पायऱ्या वर.

तक्ता भरायला बसले तेव्हा ती माझ्या टेबलाला टेकून उभी होती. धनगर, मुली, एक. बसल्या एक, पास एक, शेकडा शंभर. मग रांगेच्या टोकाला, रकान्याची रेघ ओलांडून, मी तिचं नाव लिहिलं. तिचं, बापाचं, मग आडनाव. अक्षर बारीक पण ठसठशीत. तिनं शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली.

"हे तालुक्याला जानार?"

"हो."

"सायब वाचनार?"

"वाचणार."

एक मेला निकाल सांगितला. बाप खास आला होता, लिंबाखाली हेडमास्तरांना रामराम घालत होता. मला म्हणाला, "बाई, पोरीचं नाव तालुक्याला गेलं म्हनं. आता काय शाळा सोडवता येत नाय. आजीजवळ ऱ्हाऊ द्या तिला, सातवी बी करंल." गावात तिनं घरोघरी सांगितलं होतं. तिला शेकडा शून्य म्हणणाऱ्या पोरांनाही सांगितलं होतं, त्यांची नावं गेली नव्हती.

आठ दिवसांनी तालुक्याहून टपाल आलं. एकाच पाकिटात दोन कागद. एक माझ्या बदलीचा हुकूम. परित्यक्ता असल्यानं मला आधी संधी मिळाली होती, शहराच्या कडेची शाळा, घरापासून अर्ध्या तासावर. दुसरा आमचा तक्ता. तिच्या नावाभोवती लाल गोल, आणि शेरा, 'रकान्याबाहेर मजकूर लिहू नये. नव्याने सादर करावे.'

हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमच्याकडून असं? द्या लिहून, पाच मिनिटांचं काम."

मी भांडायला हवं होतं. भांडणं तर माझ्या रक्तात. तालुक्याला जाऊन साहेबांपुढं तो कागद ठेवायला हवा होता, आणि सांगायला हवं होतं की ज्या रांगेत एकच लेकरू आहे तिथं एकतर नाव लिहा, नाहीतर ती रांग भिंतीवर लावू नका. सगळं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण बदलीचा हुकूम माझ्या हातात होता, त्यावर अजून एक सही व्हायची होती, आणि ती सही त्याच साहेबांची होती. चार तासांची ये-जा, फाट्यावरचं ऊन, रिकामी खोली. मी मूग गिळून बसले. कोरा तक्ता घेतला, पट्टीनं रेघा आखल्या आणि पुन्हा लिहिलं. धनगर, मुली, एक. शेकडा शंभर. नाव नाही. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

शाळेला सुट्टी होती, ती मेंढरांकडे गेलेली होती. जूनमध्ये मी नव्या शाळेत रुजू झाले. तिला सांगायचं राहून गेलं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले, पण राहून गेलं नव्हतं. खुलताबादची बस तशीच चालू होती, पुढं चितेगावचीही, रविवार तसेच यायचे, आणि मी पुंडलिकनगरात कपडे वाळत घालून दाराकडे बघत बसायचे. गेले असते तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं.

दोन-तीन वर्षांनी शहरात म्हातारा शिपाई भेटला. मी बाकीच्यांची चौकशी करून शेवटी तिचं विचारलं. "सातवी पास हो गई, बाई. चितेगावच्या हायस्कूलला जाते आता. बाप सोडवणार होता, पर ती ऐकते का? बोलती, मेरा नाव तालुक्यात लिखेला है, मला कोन काढतंय बघते."

मी म्हटलं, "असं का? बरं झालं."

तो परत आलेला तक्ता मी फेकला नाही. माझ्या कपाटात आहे, पेन्शनच्या कागदांखाली. लाल शाई आता तपकिरी झालीय, पण गोलातलं तिचं नाव स्पष्ट वाचता येतं. त्या पोरीनं आपल्या जिवावर सगळी शाळा केली ती या नावाच्या भरवशावर, आणि ते नाव तालुक्यात कधी राहिलंच नाही.